पोरांना दोष देण्याआधी

‘आजच्या पोरांना युनियन नको, मोबाईल हवा’ असं युनियनवाले सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांकडे बघा. विशीतली मुलं बहुतेक ट्रेनी, शिकाऊ किंवा कंत्राटी. युनियन मात्र कायम कामगारांची. वेतनकरार झाला की कायमवाल्यांना वाढ मिळते, पेढे वाटले जातात. शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्या पोराला त्यातलं काय? मग त्याने झेंड्याखाली का यावं?

विशीतल्या पोरांना वयाची आडकाठी कायद्यात कधीच नव्हती. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानुसार 15 पूर्ण झालेल्याला सभासद होता यायचं, 18 पूर्ण झालेल्याला पदाधिकारी. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात शिकाऊ उमेदवारही ‘कामगार’ होता. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या मुलांना त्या व्याख्येतून वगळलं. यावर किती युनियननी कारखान्याच्या गेटवर सभा घेतली? (आमच्याकडे तरी नाही.)

मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपाच्या आठवणी युनियनच्या मेळाव्यात जरूर सांगा. पण बदली कामगारांना (कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी काम मिळणाऱ्यांना) कायम करा ही त्या संपाची एक मागणी होती, हेही सांगा. आजचा ट्रेनी म्हणजे तोच बदलीवाला.

ट्रेनींचा स्टायपेंड, बस, कॅन्टीन पुढच्या मागणीपत्रात घाला. कमिटीत तिशीच्या आतले दोघे-तिघे घ्या. बॅनर बांधायला नव्हे, मॅनेजमेंटसमोर बोलणीला बसवायला.