समुद्रतळावरची लढवय्यी जमात: शस्त्रं, व्यूह आणि श्वासाचा हिशोब

दर्यागोष्ट
अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे. कोकण किनाऱ्यासारखा समुद्र, २० ते ६० मीटर खोली, आणि तिथे राहणारी कल्ले असलेली माणसं. लढणं हाच त्यांचा धर्म. जादू आहे, पण युद्धात ती चालत नाही. सध्याचा आराखडा: पितळी चिलखतं, लांब तलवारी, तीन मीटरचे भाले, धनुष्यबाण, शंख फुंकून इशारे, लाल निशाणं. लिहून झाल्यावर वाटतंय की ही जमिनीवरचीच फौज आहे, फक्त ओली. यातलं काय ठेवू, काय काढू?

घनता
भाला ठेवा, तोही कापून. बाकी यादी जवळजवळ सगळी जाणार.

समुद्राचं पाणी हवेपेक्षा सुमारे साडेआठशे पट घन असतं आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गरगर फिरवायच्या शस्त्राचं तर आणखी वाईट. त्याच गतीने दुप्पट लांबीची काठी फिरवायची म्हटली तर मनगटावर सोळापट ताण येतो. म्हणजे गदा, कुऱ्हाड, तलवारीचा वार हे सगळं बाद. उरतं ते भोसकणं. भाल्याची लांबी दीड ते पावणेदोन मीटर पुरे. तीन मीटरचा भाला सरळ खुपसता येईल, पण शत्रू बाजूला सरकला की टोक वळवेपर्यंत तो अंगावर आलेला असेल.

धनुष्यबाणाचं काय होतं ते खऱ्या उदाहरणावरून बघा. सोव्हिएत पाणबुड्या सैनिकांसाठी एपीएस नावाची रायफल बनवली होती. ती १२ सेंटिमीटर लांबीचे पोलादी खिळे डागते. ५ मीटर खोलीवर तिचा पल्ला साधारण ३० मीटर, ४० मीटर खोलीवर जेमतेम १०. बारुदाची ही गत, तर धनुष्याच्या दोरीचं काय!

लेखक हमखास विसरतात ती दुसरी गोष्ट: पायाखाली जमीन नाही. भोसकलं की तुम्ही स्वतःच मागे ढकलले जाता आणि टोक कातडीवरच अडतं. म्हणून जोडीने लढवा. एकाच्या हातात आकडा, तो शत्रूला धरून ठेवणार, दुसरा भोसकणार. भाल्याला उलटे काटे दिलेत तर तो शरीरात अडकेल आणि तुमचा वीर शत्रूलाच बांधला जाईल. टोक सुटं करा, त्याला दोरी लावा, दांडा हातातच राहू द्या.

दांडा लाकडी असेल तर तरंगेल. पावणेदोन मीटर लांब, अडीच सेंटिमीटर जाड सागवानी दांडा पाण्यात स्थिर राहायला साधारण ५०० ग्रॅम दगड लागतो. तो सगळा टोकाला बांधला तर भाला कायम नाक खाली घालून लोंबकळेल. निम्मा मुठीकडे बांधा.

तळगाळ
शस्त्रं नंतर. आधी तुमचे वीर श्वास कसा घेतात ते ठरवा, कारण संस्कृती तिथून घडणार आहे.

एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात, तेही ते पूर्ण भरलेलं असताना, जेमतेम ६. माणसाला नुसतं बसून राहायला मिनिटाला साधारण ३५० मिलिग्रॅम लागतो. कल्ल्यांनी त्यातला ८० टक्के ओढला असं धरलं तरी मिनिटाला सत्तर लिटर पाणी आत-बाहेर व्हायला हवं, आणि जीव तोडून लढताना आठशेच्या वर. हे शक्य नाही. म्हणून त्यांना माशांसारखं थंड रक्ताचं करा. मग रोजचा खर्च कितीतरी घटतो, पण त्याची किंमत असते: अर्ध्या मिनिटाचा झपाटा, आणि नंतर बराच वेळ हातपाय गळालेले. तासभर चालणारं द्वंद्व विसरा. युद्ध म्हणजे घात लावून बसणं, एक झेप आणि माघार. ज्याचे ताजे लोक राखीव आहेत तो जिंकतो.

यातून डावपेच आपोआप निघतात. ट्यूनासारखं तोंड उघडं ठेवून सतत पोहत श्वास घेणारे असतील तर जाळं हेच सर्वांत घातक शस्त्र: हालचाल थांबली की गुदमरले. कल्ल्यांवर चिलखत घालता येत नाही, म्हणजे मर्मस्थानही तेच. आणि गाळ! ओढीच्या (प्रवाहाच्या) वरच्या अंगाला तळ ढवळला की शत्रूचे कल्ले चिखलाने भरतात. तुमच्या जगात 'वरच्या ओढीला असणं' याला आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्याइतकं मोल येईल. भरती-ओहोटी फिरली की बाजू उलटते, म्हणून पंचांग सेनापतीच्याच हातात हवं. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) ओढ जोरात, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) मंद.

आता खरा खजिना. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात खालचं हे गुदमरवणारं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर चढतं. गोव्यासमोर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ते इतकं बिघडतं की तळाशी हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. थंडी सुरू होता होता ते ओसरतं. म्हणजे तुमच्या जमातीला दरवर्षी खोलवरची गावं सोडून वरच्या पाण्यात यावं लागेल, सगळ्या टोळ्यांना एकाच वेळी, त्याच चिंचोळ्या पट्ट्यात. वैर, तह, लग्नं, वाटा कुणी द्यायच्या, सगळं त्या दोन-तीन महिन्यांत. मी तर कादंबरीच तिथे उघडेन.

पाकटकाटा
@घनता, एक दुरुस्ती. वार करून तोडणं बाद, पण धार ओढून कापणं चालतं, कारण पातं स्वतःच्या लांबीच्या दिशेनेच सरकतं. किरिबाटी बेटांवर शार्कच्या दातांना भोकं पाडून ते नारळाच्या काथ्याने आणि माणसाच्या केसांनी लाकडावर बांधत, आणि अशा तलवारी-भाले वापरत. चिलखत विणलेल्या काथ्याचं, शिरस्त्राण काटेरी फुग्या माशाच्या कातडीचं. ते लोक जमिनीवर लढत. तुम्ही तसंच्या तसं उचललंत तर ओल्या काथ्याचं जाड चिलखत पोहणाऱ्याला मागे खेचेल. दातांची पट्टी मात्र घ्या. शत्रूला आकड्याने धरायचं आणि पट्टी मांडीवरून ओढायची. बांधणी कुजते, दात भोकापाशी तुटतात, म्हणून दात ओवणारे कारागीर प्रत्येक टोळीत हवेत.

पितळ काढा. पाण्याखाली भट्टी नाही. शुद्ध तांबं सापडलं आणि गारच ठोकलं तरी ते कडक होत जातं आणि तापवून मऊ केलं नाही तर तडकतं. धातू फक्त बुडालेल्या जहाजांतून किंवा वरच्या लोकांशी व्यापारातून. तो राजाच्या अंगावर शोभेल, शिपायाच्या नाही. शिपायाला पाकट माशाचा काटा: करवतीसारखा, विषारी आणि जखमेत मोडणारा. डिंक शिनाण्यांचा (खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचा), तो पाण्यातच धरतो.

मिणमिण
इशाऱ्यांबद्दल. शंख फुंकायला हवा लागते, तेव्हा तो नाही. ठोके चालतील. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण त्यामुळेच दोन कानांतला वेळेचा फरक इतका कमी होतो की माणसाच्या डोक्याला दिशा कळत नाही. 'हल्ला' कळेल, 'डावीकडून' कळणार नाही. खडकाळ तळावर चुटक्या वाजवणाऱ्या कोळंब्यांचा तडतडाट असतो, म्हणून ठोके जाड आणि संथ ठेवा.

लाल रंग पहिल्या दहाएक मीटरांतच मरतो. तुमचं निशाण काळं दिसेल, रक्त हिरवट. पांढरं-पिवळं आणि आकार ओळखू येईल असं काही घ्या.

व्यूह सात जणांचा: वर, खाली आणि चार बाजू, मधे तांडेल, म्हणजे म्होरक्या. एकमेकांना दोरीने बांधलेले. दोरी त्या दिवशी जेवढं दिसतं त्यापेक्षा आखूडच हवी, गढूळ पाण्यात दोन मीटर. इशारा दोरीच्या हिसक्यांनी. आणि उंची म्हणजे फायदा हे डोक्यातून काढा. खालून बघणाऱ्याला उजळ छतावर शत्रूची आकृती स्पष्ट दिसते. वरच्याला खाली नुसता काळोख. बांगड्यासारखी पाठ गडद, पोट पांढरं असा अंगरंग त्यांना द्याच.

दर्यागोष्ट
पावसाळ्याचं स्थलांतर घेतलंच! रात्रीचा छापा ठेवू शकतो का? आणि वरच्या जहाजांशी लढाई आहे, तिथे हे लोक नेमकं काय करतील?

मिणमिण
छापा ठेवा, पण महिना बघून. हिवाळ्यात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव फुलतो. पाणी हललं की निळं चमकतं, आणि प्रत्येक पोहणाऱ्याची रेघ दिसते.

घनता
जहाजाला भोक पाडत बसू नका, नांगराचे दोर कापा. इ.स.पू. ३३२ मध्ये टायर या बंदर-शहराच्या वेढ्यात तिथल्या पाणबुड्यांनी अलेक्झांडरच्या जहाजांचे दोर असेच कापले, तेव्हा त्याने साखळ्या लावल्या. तुमच्या जहाजवाल्यांनाही दुसऱ्या लढाईपर्यंत तेवढी अक्कल येऊ द्या. दोर कापायचा तर किनाऱ्याकडे वारा असताना, नाहीतर जहाज नुसतं मोकळ्या समुद्रात सरकेल.