मदत हवी आहे: ऑल्सेन पद्धतीत माती नसलेला फ्लास्कही निळा होतोय
नमस्कार मंडळी. मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. लातूरकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीतलं उपलब्ध स्फुरद (पिकाला घेता येणारं फॉस्फरस) ऑल्सेन पद्धतीने मोजतेय आणि आठवडाभर एकाच जागी अडकलेय.

पद्धत नेहमीचीच. अडीच ग्रॅम माती, ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट ५० मिली, सामू ८.५, अर्धा तास शेकरवर. अर्क कोऱ्या चहासारखा पिवळसर येतो, म्हणून चिमूटभर सक्रिय कोळसा घालते. गाळून आम्ल टाकते, फसफस पूर्ण शांत होऊ देते, मग मॉलिब्डेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल; स्फुरद असेल तर यांनी द्रावण निळं होतं. काल पुन्हा तेच झालं. ज्या फ्लास्कमध्ये मातीचा कणही नव्हता, तोही दहा मिनिटांत फिकट आकाशी!

कोळसा न घालता लावलेला कोरा (माती नसलेला) नमुना मात्र स्वच्छ राहिला. म्हणजे स्फुरद कोळशातूनच येतंय. (काचसामान साबणाने नाही, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुते.) कोळसा बायकार्बोनेटने तीनदा धुतला, निळसरपणा कमी झाला, पण गेला नाही.

निळ्या रंगाची तीव्रता ८८२ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचली तर अर्काचा पिवळेपणा आड येत नाही आणि कोळशाची गरजच पडत नाही, पण आमचं यंत्र ७०० च्या पुढे जात नाही.

कोळसा आधी आम्लाने धुवावा का, आणि कितीदा? की कोळसा सोडून, प्रत्येक अर्काचं मॉलिब्डेटशिवायचं वाचन वजा केलं तर चालेल? ज्यांच्या शेतातली माती आहे, त्यांना याच आकड्यांवरून खताची मात्रा सांगायची आहे. चुकीचा आकडा द्यायला मन धजत नाही. कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.