डिस्प्रोसियम वगळून चुंबक होणार नाही का?

प्रश्न (चाकणकर):
विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या मोटारी जुळवण्याच्या कामात मी आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केल्यापासून चुंबकांची ओढाताण सुरू झाली. केरळच्या वाळूत दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आहेत, असे आपण नेहमी ऐकतो. मग त्यांपैकीच एक असलेल्या, चुंबकात घातल्या जाणाऱ्या डिस्प्रोसियमसाठी चीनकडे का पाहावे लागते? आणि चुंबकात ते असते तरी किती, वगळले तर काय बिघडेल?

प्रतिसाद (धातुशास्त्र):
निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक 310 अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकत्व पूर्ण गमावते. पण मोटारीतले उलटे चुंबकीय क्षेत्र सोसण्याची ताकद त्याच्या फार आधी, शंभर-दीडशे अंशांतच ढासळू लागते. काही निओडिमियमच्या जागी डिस्प्रोसियम घातले की ही ताकद टिकते. मात्र त्याने चुंबकाचा एकूण जोर थोडा घटतो, म्हणून हल्ली ते फक्त चुंबकातल्या सूक्ष्म कणांच्या कडांमध्ये मुरवतात आणि बरीच बचत करतात. इअरफोनला ते लागत नाही. तापणाऱ्या मोटारीत वगळणे मात्र मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद (भूगर्भ):
केरळमधल्या चवरा, तमिळनाडूतल्या मानवलाकुरिची आणि ओडिशातल्या छत्रपूरच्या वाळूत असलेल्या मोनाझाइट या खनिजात लँथॅनम, सेरियम आणि निओडिमियम भरपूर, डिस्प्रोसियम नावापुरते. शिवाय त्यात थोरियम असल्याने ते अणुऊर्जा खात्याच्या नियंत्रणाखाली येते. डिस्प्रोसियमचा मुख्य स्रोत म्हणजे दक्षिण चीनमधल्या च्यांगशी प्रांतातली आणि म्यानमारच्या कचिन राज्यातली चिकणमाती. तिथे डोंगरात भोके पाडून अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडतात, खाली झिरपलेले पाणी हौदात धरतात आणि साका बसवून तो भाजतात. खाण म्हणावी असे फारसे काही दिसतच नाही, पण ओढ्यांचे पाणी नासते. ऑक्टोबर 2024 मध्ये कचिन बंडखोरांनी पांगवा हा तिथला खाणींचा भाग ताब्यात घेतला, तेव्हा चीनच्याच कारखान्यांना कच्च्या मालाची चणचण जाणवली.

प्रतिसाद (बाजारभाव):
चीनची खरी पकड मातीपेक्षा शुद्धीकरणावर आहे. ही मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी असतात की, ती एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी द्रावणाचे टप्पे शेकड्याने घ्यावे लागतात. 2010 मध्ये जपानशी वाद झाला आणि 2011 मध्ये भाव कडाडले, तेव्हाच इतरांनी हे कसब उभारायला हवे होते. मे 2025 मध्ये लायनस या ऑस्ट्रेलियन कंपनीने मलेशियात डिस्प्रोसियम ऑक्साइड वेगळे काढले. चीनबाहेर व्यापारी पातळीवर तसे क्वचितच घडले आहे. चाकणकर, तोवर तुमच्यापुढे दोन मार्ग दिसतात: मोटार कमी तापेल अशी रचना करणे, किंवा दुर्मिळ मृदा नसलेले फेराइट चुंबक घेऊन मोटारीचे वाढणारे आकारमान आणि वजन पत्करणे.