गेट आधी, डिस्टॉर्शन नंतर
नाशिकरोडच्या छोट्या हॉलमध्ये गाताना स्किनी पपी या कॅनडाच्या इंडस्ट्रियल बँडसारखा खरखरीत आवाज लावला की स्पीकर शिट्टी मारतात, काय करावं, असं एकाने विचारलंय. नुसता माइक बदलून भागणार नाही. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बारीक आवाजही फुगवतं, त्यात मॉनिटरमधून (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) माइकमध्ये परत शिरलेला आवाजही आलाच. क्रम असा: माइक, १५० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे जाड आवाज कापणारा फिल्टर), नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), डिस्टॉर्शन, मग डिले म्हणजे आवाज जरा उशिरा परत ऐकवणारा इफेक्ट (मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्याला ३७५ मिलिसेकंद). मॉनिटरला मात्र कोराच, म्हणजे इफेक्ट नसलेला आवाज द्या. रिव्हर्ब (घुमारा) नकोच, फरशी आणि उघड्या भिंती तो फुकट देतात.

बिल लीब १९८६ मध्ये स्किनी पपीतून बाहेर पडला आणि फ्रंट लाइन असेंब्ली हा त्याचा बँड उभा राहिला. मराठी शब्द नीट पोचवायचे असतील तर स्किनी पपीचा गायक ओगर याच्यापेक्षा लीबचं गाणं ऐका. कोऱ्या आवाजाखाली डिस्टॉर्शन थोडंच मिसळा.