मिरजेच्या आत्यासाठी गाणी ऐकायचं यंत्र: काय घ्यावं?

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी. माझी मोठी आत्या मिरजेला असते. डिसेंबरात तिचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आम्ही सगळ्या भाचरांनी वर्गणी काढून सात हजार जमवलेत. साडी नको, चांदीची वाटी नको, असं तिनं आधीच बजावलंय. "मला गाणं ऐकायला काहीतरी द्या, आणि ते माझं मला लावता आलं पाहिजे," एवढीच मागणी.

आता अडचणी सांगते. एका डोळ्यात काचबिंदू, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माणूस ओळखते, पण पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. कानही थोडे गेलेत, ते मात्र तिला मान्य नाही. स्मार्टफोन दिला होता. त्यावर यूट्यूब लावून दिलं की पाच मिनिटं बरं चालतं, मग विलंबित ऐन रंगात आलेलं असताना कुणीतरी कर्ज घ्या म्हणून ओरडतं. तो फोन आता उशीखाली असतो, फक्त आमचे फोन घ्यायला.

ऐकते काय? किराणा घराणं म्हणजे तिचा श्वास. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे लहानपणापासून रात्र रात्र बसलेली आहे. हिराबाई बडोदेकर, भीमसेन, नाट्यसंगीत आणि संध्याकाळी कीर्तन. सांगली आकाशवाणीही हवी, नाहीतर दुपार जात नाही.

शिवाय आतोबांनी रेडिओवरून भरून ठेवलेल्या कॅसेटी आहेत, बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे भरून. शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, तो ते टेपसमोर बसून भरायचे आणि मधे कुणाला खोकूही द्यायचे नाहीत. आतोबा गेल्यावर टेपरेकॉर्डर बंद पडला, तेव्हापासून डबे तसेच आहेत. त्यांचं काही करता येईल का?

हायरेझ_हृषी

सात हजारात चांगला डिजिटल प्लेअर येणं कठीण आहे, पण थोडे वाढवलेत तर फिओ, शॅनलिंग, हायबी यांचे छोटे प्लेअर बघा. शास्त्रीय संगीत एमपीथ्रीमध्ये ऐकणं म्हणजे पाप. फ्लॅक फायली, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवलेल्या, त्या भरा, बरोबर तारेचे चांगले इअरफोन द्या. तंबोऱ्याची जवार, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, काय असते ते तेव्हा कळतं. सोनीचे वॉकमनही अजून मिळतात, आता अँड्रॉइडवर चालणारे. आयपॉडच्या फंदात पडू नका. अॅपलने २०२२ मध्ये शेवटचं मॉडेलही बंद केलं, आता जुनेच मिळतील आणि त्यांच्या बॅटऱ्या संपलेल्या असतील.

मीनल_ठाणे

हृषी, धन्यवाद. पण यांतल्या बहुतेकांना टच स्क्रीन आहे ना? आत्याला गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं ते समजणार नाही. जवार तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते हो, त्याची काळजी नको. बटण सापडायला हवं, ही काळजी आहे.

सांगलीची_सुमन

आमच्या सासूबाईंना सारेगामा कारवाँ घेतला होता, मराठी गाण्यांचा. दिसायला जुन्या ट्रान्झिस्टरसारखा, गोल खुंटी फिरवायची की कलाकार बदलतो. सासूबाई खूश आहेत. स्वयंपाक करताना दिवसभर चालू असतो. एफएम आहे, पेनड्राइव्ह लागतो, ब्लूटूथही आहे. तुमच्या बजेटात बसेल.

एक मात्र आधीच सांगते. आतली गाणी त्यांच्याच कंपनीची, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्या खजिन्यातली. भावगीतं, भक्तिगीतं, सिनेमाची गाणी भरपूर. पण तुमच्या आत्यांना तास-तासभराचे ख्याल हवेत, ते त्यात शोधत बसावे लागतील. आतली गाणी काढून आपली घालता येत नाहीत, आपलं सगळं पेनड्राइव्हवरच.

जुना_रेडिओवाला

मीनलताई, इचलकरंजीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता मुलगा तिथं मोबाईल विकतो, मी खुर्चीत बसून चुका काढतो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी एक ठरवा. आत्यांना गाण्यांचा साठा नकोय, त्यांना काल जिथं थांबल्या तिथून पुढं ऐकायचंय. कीर्तन सव्वा तासाचं असतं. पूर्वरंग झाला, डोळा लागला, बंद केलं. दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर बुवा पुन्हा नमनाला उभे राहिले तर ते यंत्र चार दिवसांत माळ्यावर जातं. बाजारातले निम्मे स्वस्त स्पीकर हेच करतात, बंद केले की सगळं विसरतात. खोक्यावर याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नसतं. तिथं वॅट आणि रंगीत दिवे लिहिलेले असतात.

म्हणून दुकानात स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यात एक तासाभराची फाईल आणि चार-पाच छोट्या फायली. मोठी फाईल लावा, बटण दाबून मधेच पुढं न्या, मग यंत्र पूर्ण बंद करा. पॉज नव्हे, बंद. मिनिटभरानं चालू करा. तिथूनच सुरू झालं तर पुढचं बोलणं करा, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. चांगला दुकानदार हे करू देतो. करू देत नसेल तर घेऊच नका.

दुसरं, बटणं. आंधळ्यानं चाचपून ओळखावीत अशी पाहिजेत. प्ले, पुढं, मागं आणि आवाजाची फिरती खुंटी, बास. एकच बटण आखूड दाबलं तर आवाज आणि दाबून धरलं तर पुढचं गाणं, असलं कारस्थान ज्यात असेल ते नको. घरी आणल्यावर प्लेच्या बटणावर एम-सीलचा ज्वारीएवढा ठिपका लावा. ओला असताना काडीपेटीच्या काडीनं मधोमध खड्डा पाडा, वाळला की बोट बरोबर तिथं बसतं. माझ्या सासऱ्यांच्या रेडिओला लावला होता. रेडिओ गेला, ठिपका शाबूत होता.

तिसरं, आवाज. कान जायला लागले की आधी वरचे, बारीक सूर जातात. मग लोक जास्त बासचा स्पीकर आणून देतात आणि म्हाताऱ्या माणसाला ढुम्म ढुम्म सोडून काही कळत नाही, शब्द तर अजिबात नाहीत. मधला पट्टा स्वच्छ वाजणारा साधा स्पीकर घ्या. दुकानात कीर्तनातलं बोलणं लावून ऐका, गाणं नको. बोलणं कळलं म्हणजे गाणं कळतंच.

हृषीभाऊंनी सांगितलेली यंत्रं उत्तमच आहेत, पण ती त्यांच्यासाठी. खाटेवर पडून ऐकणाऱ्या माणसाच्या कानात इअरफोनची तार म्हणजे रात्री गळ्यात गुंता.

आणि रेडिओ. सांगली केंद्र मिडियम वेव्हवर ऐकायचं असेल तर नुसतं एफएम लिहिलेलं यंत्र चालणार नाही, त्याला एएमचा पट्टा लागतो. बहुतेक ब्लूटूथ स्पीकरांत तो नसतो. आत्यांकडं जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो तसाच राहू द्या, दोन यंत्रं असली म्हणून बिघडत नाही.

मीनल_ठाणे

काका, हे अगदी मनातलं सांगितलंत. ट्रान्झिस्टर आहे, चालतोय, मग रेडिओचा प्रश्न सुटला. पण पेनड्राइव्हवर फायली कशा ठेवायच्या? मी एकदा आईच्या स्पीकरला गाणी भरून दिली होती. नावापुढे ०१, ०२ असे आकडे टाकले, तरी तो स्पीकर भलत्याच क्रमानं वाजवतो.

जुना_रेडिओवाला

कारण तो नाव वाचतच नाही. स्वस्त यंत्र पेनड्राइव्हवर ज्या क्रमानं फायली उतरल्या त्याच क्रमानं वाजवतं. सगळ्या एकदम निवडून ओढल्या की क्रम कॉम्प्युटरच्या मर्जीनं लागतो. म्हणून ड्राइव्ह रिकामा करून एकेक फाईल हव्या त्या क्रमानं टाका, किंवा क्रम लावून देणारी छोटी फुकट सॉफ्टवेअरं असतात, ती वापरा.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचाच घ्या. ६४ आणि वरचे बरेचदा एक्सफॅट नावाच्या साठवणीच्या पद्धतीत येतात, ते साध्या यंत्रांना वाचता येत नाहीत, त्यांना फॅट३२ ही पद्धत लागते. आणि फ्लॅक नको, एमपीथ्री करा. निम्म्या यंत्रांना फ्लॅक म्हणजे काय ते माहीत नसतं. १२८ केबीपीएसला (हा आकडा मोठा तसा आवाज चांगला आणि फाईल मोठी) मिनिटाला साधारण एक एमबी जातो. ९० मिनिटांची कॅसेट नव्वद एमबीच्या आत. म्हणजे एका ड्राइव्हवर साडेतीनशे कॅसेटी. तुमचे दोन डबे एका कोपऱ्यात बसतील.

हायरेझ_हृषी

काका, निदान १९२ तरी करा हो. जागा आहे ना.

जुना_रेडिओवाला

करा १९२. तुमच्या समाधानासाठी.

अनिवासी_आबा

न्यू जर्सीहून लिहितोय. वडिलांच्या कॅसेटी मी अशाच उतरवल्या, म्हणून त्या भागावर बोलतो. उत्साहात डबा उघडून मिळेल त्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालू नका. इतकी वर्षं पडलेल्या कॅसेटमध्ये फितीच्या मागची स्पंजाची छोटी गादी गळून पडलेली असते, मग आवाज बोळ्यातून आल्यासारखा येतो. दुसऱ्या कॅसेटची गादी काढून चिकटवता येते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट बाजूला ठेवा, एकीची बुरशी हेडवरून दुसरीला लागते. आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, चिकटलेले थर सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

बाकी सोपं आहे. टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या लाइन-इनमध्ये तार, ती सोय लॅपटॉपला नसेल तर यूएसबीचं छोटं साऊंड कार्ड. ऑडासिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आवाजाची पातळी लाल रंगात जाऊ देऊ नका. फितीची खरखर काढायच्या नादाला फार लागू नका, खरखरीबरोबर तंबोराही जातो. आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू जोडून एक फाईल करा. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटताना आतोबांचा जो तुकडा सुटला तो सुटला, पण निदान आत्यांना उठावं लागणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेग. जुन्या टेपचा पट्टा सैल झालेला असतो किंवा मोटर पळत असते. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. पेटीच्या काळी एकमध्ये गायलेले गवई सफेद दोनमध्ये गाताना ऐकू येतात. तुम्हा-आम्हाला चालेल, पण तुमच्या आत्या पहिल्या आलापालाच "हे कोण गातंय?" म्हणतील. मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप लावून षड्ज जुळवून बघा आणि ऑडासिटीतच वेग दुरुस्त करा. गवयाची पट्टी माहीत नसेल तर आत्यांनाच फोनवर विचारा, त्या झोपेतून उठूनही सांगतील.

सांगलीची_सुमन

हे सगळं डिसेंबरच्या आत होणार का पण?

मीनल_ठाणे

सगळं नाही होणार, पण सुरुवात तर करते. कालच मिरजेला चुलतभावाला फोन करून डबे पाठवायला सांगितले, दुरुस्तीला नेतोय असं आत्याला सांगून. तिनं लगेच विचारलं, कॅसेट काय दुरुस्त करतात? तो बिचारा गप्प बसला.

मी असं ठरवलंय. बटणांचा, पेनड्राइव्ह घेणारा साधा स्पीकर. काकांची परीक्षा इथल्या दुकानात घेतली. दोन यंत्रं नापास झाली, तिसरं पास झालं, तेवीसशेला. फिरती खुंटी आहे, दिवे नाहीत, बास माफक. कारवाँचा मोह होता, पण तिला हवं ते सगळं पेनड्राइव्हवरच असणार, मग आतल्या गाण्यांचे पैसे कशाला? उरलेल्या पैशांतून एक चालता टेपरेकॉर्डर आणि साऊंड कार्ड घेते.

एक कल्पना सुचली आहे, चुकत असेल तर सांगा. पडदा नसल्यामुळे काय लागलंय ते आत्याला कळणार नाही. म्हणून प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला आमच्यापैकी एकेकाच्या आवाजात निवेदन घालायचं. "राग मारवा, भीमसेन जोशी, साथीला अमुक," आकाशवाणीसारखं. तबल्यावर कोण ते आतोबांनी कॅसेटच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं. नको असेल तर ती पुढचं बटण दाबेल. धाकट्या भाच्याला ललत म्हणता येत नाही, ललित म्हणतो, त्याला कीर्तनाचं खातं दिलंय.

आता दोनच प्रश्न राहिले. चार्जिंगला सी टाइपची पिन आहे, पण माझ्या फोनच्या चार्जरनं ते चार्जच होत नाही. यंत्र खराब आहे का? आणि मिरजेला तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाई झाडताना सगळं आपटतात, पेनड्राइव्ह बाहेर आलेला असतो, तो तुटेल का?

जुना_रेडिओवाला

यंत्र खराब नाही. तुमच्या फोनच्या तारेची दोन्ही टोकं सी असणार. स्वस्त यंत्रात त्या पिनेच्या आत दोन छोटे रेझिस्टर घालायचे असतात, कंपनी ते वाचवते, मग सी-टू-सी तारेवर चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली तार आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर वापरा, लगेच चालेल. तोच चार्जर भेटीबरोबर द्या, आणि तारेला रंगीत दोरा बांधा म्हणजे त्या बाई दुसरी लावणार नाहीत.

पेनड्राइव्ह नखाएवढा बुटका मिळतो, तो घ्या. बाहेर राहतच नाही. आणि अगदी तसाच दुसरा भरून चुलतभावाकडं ठेवा. पेनड्राइव्ह आज ना उद्या जातोच, तेव्हा तुम्ही ठाण्यात असाल.

निवेदन मात्र दहा सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका.