विषय: बॉयलरचा खदखदाट. नवा घ्यावाच लागेल का?

प्रेषक: हॅरोहून

मंडळी, नमस्कार.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या या मेल-यादीवर फराळाच्या ऑर्डरींच्या गर्दीत हा मेल हरवू नये एवढीच इच्छा. आमचं घर १९३०च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. स्वयंपाकघरात कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी, दोन्हींसाठी एकच) आहे, आधीच्या मालकांनी बसवलेला. थंडी पडल्यापासून हीटिंग लावलं की घरभर मैफल सुरू होते. बॉयलर खदखदतो, वरच्या बेडरूमचा रेडिएटर गुडगुडतो आणि पहाटे जमिनीखालून टकटक ऐकू येते. सांगलीहून सासूबाई आल्यात. त्यांना वाटलं कोणीतरी दार वाजवतंय, म्हणून त्यांनी आम्हाला उठवलंच.

एक माणूस येऊन गेला. पाच मिनिटं कान लावून उभा राहिला आणि "नवा घ्या" म्हणून साडेतीन हजार पौंडांचा आकडा सांगून गेला. खरंच बदलावा लागेल का? कोणाला अनुभव?

प्रेषक: रेडिंगहून

आमच्याकडेही गुडगुड व्हायची. रेडिएटरची हवा काढली, गप्प झाला. किल्ली हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन पौंडांत मिळते. साडेतीन हजार कशाला घालवता!

प्रेषक: मिल्टन कीन्सच्या मावशी

अगं, बॉयलर बदलायचं इतक्यात मनावर घेऊ नकोस. नोकरीची सगळी वर्षं मी इमारतींच्या हीटिंगचीच कामं केली, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी धोक्याचं. बॉयलर पेटताना "धप्प" असा दणका बसत असेल, तर गॅस उशिरा पेट घेतोय असा त्याचा अर्थ. मग वाट बघायची नाही. बॉयलर बंद करायचा आणि गॅस सेफ रजिस्टरवरचा माणूस बोलवायचा (२००९ पासून हेच रजिस्टर आहे, जुने लोक अजून आधीच्या रजिस्टरच्या नावाने कॉर्गी म्हणतात). गॅसचा वास आला तर खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करायचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा अलार्म घरात हवाच, आणि तो चालतोय का हे बटण दाबून बघ. बॉयलरचं झाकण आपण उघडायचं नाही, जावई कितीही हुशार असला तरी.

तुझ्या मेलमध्ये धप्प नाही, म्हणजे निवांत बोलू. तू तीन आवाज सांगितलेस, पण ते कधी होतात ते नाही सांगितलंस. आवाजाची वेळ कळली की निम्मं निदान होतं. हीटिंग बंद ठेवून नुसता गरम पाण्याचा नळ सोड. तेव्हाही बॉयलर खदखदला, तर आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरवर (नळाचं पाणी तापवणाऱ्या पत्र्यांवर) चुना बसलाय. तुमच्याकडचं पाणी खडूच्या खडकातून येतं आणि नळाचं हे ताजं पाणी रोज त्यातूनच जातं. नळावर गप्प आणि हीटिंगवरच बोलत असेल, तर दुखणं रेडिएटरच्या बंद चक्रात आहे.

पहाटेची टकटक बहुतेक निरुपद्रवी. तांब्याचा पाच मीटरचा पाइप १५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापला की चार मिलिमीटरच्या वर वाढतो. जुन्या घरांत फळ्यांखालच्या लाकडी तुळयांना खाचा पाडून त्यांत पाइप घट्ट बसवलेले असतात. त्याला सरकायला जागा नसते, म्हणून तो अडतो आणि सुटताना टक्‌ करतो. हीटिंग सुरू झाल्यावर अर्धा तास आणि बंद झाल्यावर अर्धा तास, एवढाच तो बोलतो. दार वाजवणारा तोच असावा, सासूबाईंना सांग.

एखाद्या रेडिएटरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की आपोआप पाणी कमी करणारा) बंद होत आला की मशीनगनसारखी ठकठकठक येते का? तसं असेल तर पाण्याची दिशा उलटी आहे. काही व्हॉल्व्ह एकाच दिशेने चालतात आणि बसवणाऱ्याने बाण बघितलेला नसतो. दोन्ही दिशांनी चालणारा बसवला की प्रश्न मिटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉयलरखाली घड्याळासारखा प्रेशर गेज असेल. घर गार असताना किती दाखवतो आणि हीटिंग तासभर चालल्यावर किती, दोन्ही लिहून ठेव. मग घराबाहेर जा. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून तांब्याचा बारीक पाइप बाहेर येऊन खाली वळलेला दिसेल. तो ओला आहे का बघ. कळत नसेल तर बॉयलर बंद असताना त्याच्या टोकाला ब्रेडची रिकामी पिशवी रबरबँडने सैलसर अडकव. त्यातून कढत पाणी येऊ शकतं, म्हणून पोरांना लांब ठेव.

आणि रेडिंगकर, तुमचा सल्ला चूक नाही, पण हवा काढली की ती आली कुठून हेही विचारायला हवं.

प्रेषक: हॅरोहून

मावशी, सगळं केलं. नुसता नळ सोडला तर बॉयलर गप्प. गेज सकाळी गार असताना ०.४ बार (दाबाचं माप) दाखवतो आणि हीटिंग लागलं की चढत चढत ३ ला टेकतो. हे दर रविवारी खालचा नळ फिरवून तो १.५ वर आणून ठेवतात. "टॉप-अप करावंच लागतं" म्हणे. बाहेरचा पाइप सापडला. त्याच्याखालच्या विटांवर पांढरा थर जमलाय, इतके दिवस मी तो पक्ष्यांचा समजत होते. पिशवीत सकाळी कपभर पाणी होतं. वरच्या रेडिएटरमधून हवा काढली तर फुसफुसत बराच वेळ येत राहिली, मागून काळं पाणी.

प्रेषक: मिल्टन कीन्सच्या मावशी

सापडलं गं. तुमचं एक्स्पान्शन व्हेसल गेलंय.

पाणी तापलं की फुगतं. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० वर गेलं की सव्वादोन लिटरच्या आसपास वाढतं. या वाढाव्याला जागा म्हणून बॉयलरमध्ये पत्र्याचा एक डबा असतो. त्याच्या आत रबरी पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. हवा गेली की जागाही गेली. मग प्रेशर ३ बारला पोचतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेरच्या भिंतीवर जातं. रात्री सगळं गार झालं की गेज खाली. रविवारी जावईबापू ताजं पाणी भरतात. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

त्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि तुमच्या भागातला चुनाही येतो. ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजतात, काळं पाणी त्याचंच. गंजताना हायड्रोजनही सुटू शकतो, तो वरच्या मजल्यावर जाऊन बसतो आणि गुडगुडतो. म्हणून हवा काढताना जवळपास मेणबत्ती, उदबत्ती काही नको. चुना बसतो तो सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे ज्योतीवरच्या मुख्य हीट एक्स्चेंजरमध्ये (नळाच्या पाण्याचा प्लेटवाला वेगळा). त्या थराखाली पाणी जागच्या जागी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. खदखद ती हीच. ब्रिटिश लोक तिला केटलिंग म्हणतात.

माणूस बोलावशील तेव्हा "आवाज येतो" असं सांगू नकोस. "गार असताना ०.४, गरम झाल्यावर ३, बाहेरचा पाइप गळतो, व्हेसल तपासा" असं सांग. व्हेसलला मोटारीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह असतो. तो दाबल्यावर हवा आली किंवा काहीच आलं नाही, तर चक्रातलं प्रेशर उतरवून पंपाने हवा भरून बघता येते. पाणी आलं तर पडदा फाटलाय, मग व्हेसल नवं. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलून घे. एकदा उघडायची सवय लागलेला हा व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसत नाही.

प्रेषक: मँचेस्टरहून

मावशी, एक शंका. आमचं पाणी लेक डिस्ट्रिक्टचं, मऊ, किटलीत चुन्याचा कणही नसतो. तरी आमचा बॉयलर वर्षभर खदखदत होता. पॉवर फ्लश केला (पंपाने जोरात पाणी फिरवून आतला गाळ धुतला) आणि थांबला. तेव्हा चुन्यावर सगळं ढकलू नये असं वाटतं. हॅरोवाल्यांनीही सरळ फ्लश करून घ्यावा.

प्रेषक: मिल्टन कीन्सच्या मावशी

बरोबर आहे तुमचं. गाळाने पाण्याचा वेग मंदावला तरी एक्स्चेंजरमध्ये पाणी जास्त तापून असाच आवाज येतो, आणि गाळ मऊ पाण्यातही होतो. पंप कमी वेगावर असेल तरीसुद्धा. पण क्रम पाळा. मूळ गळती न थांबवता फ्लश केला तर वर्षात पुन्हा तेच. शिवाय जुने पातळ झालेले रेडिएटर फ्लशमध्ये फुटतात, आणि ते कधी फुटायचे तर पाहुणे असताना. मी आधी व्हेसल बदलून घेईन, मग साफ करणारं रसायन काही दिवस चक्रात फिरवून पाणी बदलेन, मग इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि रिटर्न पाइपवर (रेडिएटरकडून बॉयलरकडे परतणाऱ्या) चुंबकाचा फिल्टर. एवढ्यावर भागलं नाही, तरच फ्लश.

प्रेषक: लेस्टरहून

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यातलं काही करू नये. घरमालकाला लेखी कळवा, गेजचा फोटो जोडा. बॉयलरची दुरुस्ती आणि दरवर्षीची गॅस तपासणी ही त्याची जबाबदारी आहे, आणि तपासणीचा दाखला मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रेषक: हॅरोहून

मंडळी, गॅस सेफवाला दुसरा माणूस येऊन गेला. मावशींनी सांगितलेलं वाक्य मी इंग्रजीत म्हणून दाखवल्यावर त्याने बॅग खाली ठेवली आणि सरळ व्हेसलकडे वळला. टायरचा व्हॉल्व्ह दाबल्याबरोबर पाण्याची पिचकारी त्याच्या शर्टावर. मूळ व्हेसल बॉयलरच्या मागे आहे. ते काढायला सगळा बॉयलर उतरवावा लागला असता, म्हणून त्याने शेजारच्या कपाटात रिटर्न पाइपवर वेगळं बसवून दिलं. लाल रंगाचं आहे, कढईएवढं. सेफ्टी व्हॉल्व्हसकट चारशेच्या आत झालं.

आता गेज गार असताना १.२ आणि गरम झाल्यावर १.८. रविवारचं टॉप-अप बंद, त्यामुळे ह्यांना जरा चुकल्यासारखं होतंय. गुडगुड गेली. खदखद कमी झालीय पण संपली नाही. रसायन फिरतंय, पाणी पुढच्या आठवड्यात बदलणार. त्याने रेडिएटरचं तापमान ७५ वरून ६० वर आणून ठेवलं, खोल्या तापायला थोडा वेळ जास्त लागतो पण टकटकही मवाळ झाली. बाकीचं उन्हाळ्यात कार्पेट उचलू तेव्हा बघू.

प्रेषक: रेडिंगहून

त्या माणसाचा नंबर द्याल का? आमचा गेज आत्ताच बघून आलो. ०.३.

प्रेषक: यादीचे व्यवस्थापक

नंबर यादीवर टाकू नये, आपापसात मेल करावा. आणि रेडिंगकर, तुमची या वर्षीची वर्गणीही अजून आलेली नाही.