मदत हवी आहे: गॉसफर्थच्या क्रॉसवरचं कोरीवकाम नीट कधी दिसतं?

नमस्कार मंडळी, इंग्लंडात कम्ब्रियाकडे राहणारं किंवा तिकडे फिरून आलेलं कोणी आहे का? गॉसफर्थच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला दगडी क्रॉस आहे ना, साधारण 4.4 मीटर उंच, लाल वालुकाश्माचा, खाली गोल आणि वर चौकोनी होत गेलेला, तो बघायला मागच्या महिन्यात बाबांना घेऊन गेले होते. बाबांनी आयुष्यभर गावोगावचे वीरगळ बघितलेत, त्यामुळे ते अगदी नाक लावून बघत होते, पण भर दुपारी गेलो आणि आभाळ भरलेलं, शेवाळ आणि झीज यात निम्मं काही कळेचना.

पूर्वेच्या बाजूला येशू क्रुसावर, खाली भालेवाला आणि लांब वेणीची बाई, एवढं सापडलं. पश्चिमेला खाली नॉर्स (जुन्या व्हायकिंग लोकांच्या) पुराणकथांमधला, बांधून ठेवलेला लोकी आणि त्याच्यावर पडणारं सापाचं विष वाडग्यात झेलणारी त्याची बायको सिगिन आहे म्हणतात, ती मात्र काही केल्या दिसली नाही आणि बाबा फार हिरमुसले हो.

आता परत जायचंय. पश्चिमेची बाजू उजळायला संध्याकाळचं तिरपं ऊन बरं की अंधार पडल्यावर बाजूने टॉर्च मारायचा? टॉर्चसाठी चर्चमध्ये विचारावं लागतं का? आणि सीस्केल स्टेशनवरून सत्तरीच्या माणसाला चालत जमेल की टॅक्सी आधीच सांगून ठेवू? लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये याची प्लास्टरची प्रतिकृती आहे, तिथे हे जास्त स्पष्ट दिसतं का, तेही प्लीज सांगा.